सही कुणाची?

फौजदाराचं म्हणणं असं, की ज्याच्या पोटात पाप नाही त्यानं फोन ऐकला जाण्याची भीती कशाला बाळगावी. हे त्यानं पुण्यातल्या पेरूगेट पोलिस चौकीपासून हाकेच्या अंतरावर, चहाचा पहिला घोट घेताघेता टाकलं आणि कट्टा पेटला. फौजदार म्हणजे आमच्यातला निवृत्त पोलिस. खरा हुद्दा काय होता ते आता कोणी विचारत नाही, आणि विचारलं तर तो दोन पायऱ्या वरचा सांगेल.

विषय निघाला व्हॉट्सअॅपवरून. 2021 च्या आयटी नियमांत सरकारनं मोठ्या मेसेजिंग कंपन्यांवर अट घातली, की मागितलं तर मेसेज पहिल्यांदा कुणी टाकला ते सांगता आलं पाहिजे. व्हॉट्सअॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एप्रिल 2024 मध्ये त्यांचे वकील तिथं म्हणाले, एन्क्रिप्शन, म्हणजे मेसेजला घातलेलं कुलूप, तोडायला लावलंत तर आम्ही इथून जाऊ.

"जाऊ दे की मग," फौजदार म्हणाला. "बाहेरची कंपनी आपल्या सरकारला दम देते आणि तुम्ही टाळ्या वाजवता."

"टाळ्या कोण वाजवतंय?" केतकी म्हणाली. ती हिंजवडीत सायबर सिक्युरिटीत आहे. "मेसेज उघडायची किल्ली तुझ्या नि माझ्या फोनमध्ये असते, कंपनीकडं नसतेच. पोलिसांना द्यायची म्हणजे आधी एक जादा किल्ली घडवायला हवी. सगळ्या सदाशिव पेठेनं आपापल्या दाराची एकेक किल्ली त्या समोरच्या चौकीत नेऊन टांगायची, असं म्हणतोयस तू."

"चौकीत सुरक्षित राहील."

"अथेन्सलाही असंच वाटलं होतं."

मग तिनं सांगितलेली हकीकत. 2004 चं ऑलिंपिक तिथं भरलं, त्या सुमाराची. ग्रीसमध्ये व्होडाफोनचे एक्सचेंज एरिक्सनचे होते. पोलिसांना कायदेशीरपणे फोन ऐकता यावा म्हणून त्या यंत्रणेत आधीपासूनच सोय ठेवलेली होती. व्होडाफोननं ती वापरात घेतलेलीसुद्धा नव्हती. कोणीतरी आत शिरलं, तीच सोय गुपचूप चालू केली, आणि शंभराहून जास्त फोन महिनोन्महिने ऐकले. त्यात खुद्द पंतप्रधान कारामानलिस यांचा फोन होता. काही एसएमएस पोचेनात म्हणून तपासणी झाली, तेव्हा कुठं हे उघडकीला आलं.

इथं नाना सरसावून बसले. नाना टेलिफोन खात्यातले, एक्सचेंजमध्ये हयात गेली. एरिक्सनचं नाव ऐकून त्यांना माहेर आठवलं. "आमच्या वेळी एवढं काही लागत नव्हतं," ते म्हणाले. "एमडीएफवर, म्हणजे सगळ्यांच्या तारा जिथं येतात त्या चौकटीवर, तुमच्या तारांच्या जोडीला दुसरी जोडी समांतर टाकली की झालं काम. वरून चिठ्ठी यायची. ती दुसऱ्यांदा कोण वाचतंय!"

"अमेरिकेत तर परवाच झालं," केतकीचं अजून संपलं नव्हतं. "1994 च्या कायद्यानं तिथल्या टेलिफोन कंपन्यांना ऐकण्याची सोय ठेवावीच लागते. 2024 मध्ये चिनी हॅकर त्याच यंत्रणांपर्यंत पोचले. त्यानंतर एरवी एन्क्रिप्शनच्या नावानं बोटं मोडणारं एफबीआयच लोकांना सांगायला लागलं, एन्क्रिप्टेड अॅप वापरा म्हणून."

फौजदार एवढ्यानं गप्प बसणारा नव्हे, आणि त्याची बाजू पोकळ आहे असंही मला वाटत नाही. "मला अथेन्स सांगू नकोस. 26/11 ला पाकिस्तानातून त्या पोरांना सूचना देणारे आवाज आपण ऐकत होतो. इंटरनेटवरून केलेले कॉल होते ते, तरी ऐकता आले. कसाबच्या खटल्यात तीच रेकॉर्डिंग पुराव्यात होती. आज ती पोरं तुझं हे कुलूपबंद अॅप वापरतील. आणि जर्मन बेकरीत 17 माणसं गेली, ती काय प्रायव्हसीला कवटाळून बसली होती?"

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग केतकीच म्हणाली, "तो आवाज हातचा जाणार हे मला मान्य आहे. पण बाकी सगळं तुमच्याकडं राहतंच ना? कोण कुणाला किती वाजता बोललं, कुठल्या टॉवरखाली होतं. या नोंदी, म्हणजे सीडीआर, मागवायला तर फोन ऐकायला लागते तशी गृह सचिवाची सहीपण लागत नाही. दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेच्या संचालकांना 2023 मध्ये एटीएसनं हेरगिरीच्या आरोपावरून पकडलं. आरोपपत्रात काय, तर व्हॉट्सअॅपवरचं बोलणं. कुणी कुलूप फोडलं नव्हतं. फोन हातात आला की आतलं सगळं दिसतं. खटला चालूय, निकाल काय तो लागेल."

"फोन हातात यायला आधी माणूस सापडावा लागतो, बाई."

इतका वेळ वकील नुसता ऐकत होता. शिवाजीनगर कोर्टातली सवय. समोरच्याचं संपू द्यायचं. "तुम्ही दोघंही किल्लीवरून भांडताय," तो म्हणाला. "मला सांगा, सही कुणाची?"

1885 चा टेलिग्राफ कायदा, कलम 5(2). सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असेल तरच ऐकायचं. 1996 मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं घालून दिलं, की हुकूम गृह सचिवाचा हवा, मुदत हवी आणि वर फेरतपासणीची समिती हवी. न्यायाधीशाची सही मात्र न्यायालयानंही मागितली नाही. 2023 चा नवा दूरसंचार कायदा आला, 2024 मध्ये त्याचे नियम आले, गृह सचिव जागच्या जागी. म्हणजे हुकूम सरकारचा, सही सरकारची, आणि तपासणारी समितीही सरकारी सचिवांची.

"समिती आहे ना पण?" फौजदार.

"आहे. दोन महिन्यांतून एकदा बसते. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीनं 2018 च्या अहवालात लिहिलंय, एकेका बैठकीत त्यांच्यापुढं 15,000 ते 18,000 हुकूम असतात."

नानांनी मनातल्या मनात भागाकार केला. "आठ तास जागचे उठले नाहीत, तरी एका कागदाला दोन सेकंदसुद्धा येत नाहीत हो."

मला विचाराल तर सगळ्या चर्चेतलं हेच खरं. किल्लीवरचा वाद सुटायचा तेव्हा सुटेल. या दोन सेकंदांसाठी कुठल्या कंपनीकडं बोट दाखवता येत नाही.

वकिलानं आणखी एक जवळचं उदाहरण दिलं. राजकारण्यांचे नंबर खोट्या नावांनी, अमली पदार्थवाल्यांचे म्हणून टॅपिंगला लावले, असा आरोप आपल्याच पुण्यात झाला. बंडगार्डन ठाण्यात 2022 मध्ये गुन्हा दाखल झाला आणि 2023 मध्ये उच्च न्यायालयानं तो रद्द केला. "आरोप मी खरा मानत नाही आणि खोटाही. पण उद्या एखादं खोटं नाव सहीला आलंच, तर दोन सेकंदांत ते कुणाला ओळखू येईल?" 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका व्यापाऱ्यावरच्या लाचेच्या प्रकरणात टॅपिंगचे हुकूम रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला लावली, हेही त्यानं सांगितलं. तो व्यापारी कोर्टात गेला म्हणून. ज्याला आपला फोन ऐकला गेल्याचं कधी कळतच नाही, तो कुठं जाणार?

"बरं, न्यायाधीशाची सही घेऊ," फौजदार म्हणाला. "रात्री दोनला कुठला न्यायाधीश उठवू?"

"अटक केलेल्याला चोवीस तासांत पुढं उभं करतोस ना? रविवारी घरी नेतोस. माणूस नेता येतो, मग कागद का नाही? आणि अगदीच घाई असेल तर आधी ऐक, कामकाजाच्या सात दिवसांत मंजुरी घे. ही सवलत आजच्या नियमातही आहे. फक्त मंजुरी देणारा बदल."

"अरे, कोर्टात कागद गेला की आरोपीला सकाळी कळेल!"

"आणि मंत्रालयातून फुटत नाही?"

फौजदारानं उरलेला चहा एका दमात संपवला. "मंत्रालयातून फुटलं, तर कुणी फोडलं ते निदान आम्हाला माहीत असतं."