डाउनलोड की थेट बघायचं? सांगलीच्या वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

मोबाइल डेटावर मालिका थेट बघण्यापेक्षा भाग आधी डाउनलोड करा, असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की कसंही बघा, डेटा तेवढाच जातो; आणि रोज दीड-दोन जीबी मिळत असताना ही काटकसर कशाला?

पहिला मुद्दा मान्य. 'डाउनलोडने डेटा वाचतो' हे माझं वाक्य अर्धवटच होतं. क्वालिटी तीच असेल तर डेटाही तेवढाच लागतो. पण थेट बघताना क्वालिटी बहुतेकांची 'ऑटो'वर असते, म्हणजे नेट जितकं जोरात तितकं चित्र भारी. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर उभं राहून १०८०पी, म्हणजे अगदी स्पष्ट चित्र बघितलं आणि सेकंदाला ५ मेगाबिट (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी) खेचले गेले, तर २२ मिनिटांच्या भागाला ८२५ एमबी जातात. दीड जीबीत दोन भागही पुरे होत नाहीत! तोच भाग ४८०पीला, म्हणजे जरा साध्या चित्राला, सेकंदाला १ मेगाबिट धरला, तर १६५ एमबीत बसतो. म्हणून डाउनलोडच्या सेटिंगमध्ये क्वालिटी एकदा कमी करून ठेवायची.

काटकसरीचं म्हणाल, तर तो माझा मुद्दाच नव्हता. माझी आई सातारा जिल्ह्यात, बामणोलीच्या बाजूला राहते. फोन खिडकीत वाटीला टेकवून उभा केला की दोन दांड्या येतात, हातात घेतला की गेल्या. थेट बघायला लागलं की ऐन मोक्याला चक्र फिरत बसायचं. एकदा तिचा फोन आला, "अरे, शेवटी ती काय म्हणाली रे? माझं तिथंच अडकलं." फार वाईट वाटलं मला. दिवसभर राबून तेवढी वीस मिनिटंच तिची असतात.

आता ती रात्री अकराला त्याच खिडकीत फोन ठेवून भाग उतरवायला लावते. तिच्या पॅकचा उरलेला डेटा बारा वाजता तसाही बुडतो. आणि दिवसाचा कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो. ४८०पीला लागतो त्याच्या पंधराव्या हिश्श्याहून कमी. त्यात व्हिडिओ चालतच नाही. उतरवलेला भाग मात्र दुपारी शेजारच्या काकूंबरोबर पुन्हा बघितला तरी डेटा लागत नाही.

एक अडचण मीच सांगायला हवी होती. डाउनलोडला मुदत असते. काही ॲपमध्ये बघायला सुरुवात केली की ४८ तासांत भाग निघून जातो. हे आणि वरची दुरुस्ती, दोन्ही मूळ लेखात आजच घातलंय.