घर फॅक्टरीतून बाहेर पडल्यावर त्याच्याकडे कोण बघणार?

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या गटांमध्ये एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा. राज्यांचे आमदार आता फॅक्टरीत बनणारी घरे आणि प्रोपेन या घरगुती इंधनवायूचे विक्रेते यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या खात्यांची नि मंडळांची झडती घेत आहेत, म्हणजे ही मंडळे निरुपयोगी आहेत हे सरकारलाच पटले आहे. घरांसाठी केंद्राचा कायदा आहेच. प्रोपेनचे काय ते बाजार आणि विमा कंपन्या बघून घेतील. परवान्यांच्या फीमुळे गरिबाचे घर महाग होते. शिवाय ही मंडळे धंदेवाल्यांच्याच हातात असतात. तेव्हा ती बंद करून टाकावीत.

शेवटच्या तक्रारीत तथ्य आहे, तिच्याकडे नंतर येतो. बाकीचे मुद्दे चुकीचे आहेत, आणि त्यातला केंद्राच्या कायद्याचा मुद्दा तर लोकांच्या जिवाशी खेळणारा आहे.

झडतीचे आधी बघू. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ‘सनसेट’ कायदा आहे. १९७६ साली कोलोरॅडोने तो प्रथम केला, पुढच्याच वर्षी टेक्सासने. सरकारी खात्याला कायद्यानेच मुदत घालून द्यायची. ती संपत आली की आमदारांच्या समितीने खात्याचा कारभार तपासायचा. विधिमंडळाने मुदतवाढ दिली नाही तर खाते बंद. टेक्सासच्या समितीत पाच सिनेटर, पाच प्रतिनिधी आणि दोन सामान्य नागरिक असतात, आणि एकेका खात्याची पाळी साधारण बारा वर्षांनी येते. पाळी आली म्हणजे आरोप सिद्ध झाला, असे नसते. तिथे प्रोपेनवर देखरेख ठेवणाऱ्या रेलरोड कमिशनची अशी तपासणी एकाहून अधिक वेळा झाली आणि २०१७ साली विधिमंडळाने त्याला मुदतवाढ दिली.

आता केंद्राचा कायदा. १९७४ साली अमेरिकी काँग्रेसने फॅक्टरीत बनणाऱ्या घरांच्या बांधणीचा आणि सुरक्षिततेचा कायदा केला. त्याखाली १५ जून १९७६ पासून हड या केंद्रीय गृहनिर्माण खात्याची संहिता लागू झाली. घराच्या प्रत्येक भागावर लाल रंगाची धातूची पट्टी लागते, ती या संहितेची खूण. बांधणीचे निकष केंद्र ठरवते, राज्याला वेगळे निकष लादता येत नाहीत. इथपर्यंत फिरणारा मजकूर बरोबर आहे.

पण ती लाल पट्टी घर फॅक्टरीच्या दारातून बाहेर पडताना कसे होते, एवढेच सांगते. त्यानंतर ते घर ट्रकमागे शेकडो मैल ओढत नेले जाते. जागेवर काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या खांबांवर बसवले जाते. डबल-वाइड, म्हणजे दोन भागांत बनलेले घर, असेल तर दोन अर्धे जोडतात आणि त्यांच्यामधली वीज, पाणी आणि गॅसची जोडणी करतात. मग पोलादी पट्ट्यांनी चौकट जमिनीत रोवलेल्या अँकरला, म्हणजे लोखंडी खुंट्यांना, बांधतात. माती भुसभुशीत असेल तर एका प्रकारचा अँकर लागतो, घट्ट असेल तर दुसऱ्या. हे सगळे फॅक्टरीपासून दूर, कुठल्या तरी गावाबाहेरच्या प्लॉटवर, एखाद्या ठेकेदाराची माणसे करत असतात.

ते नीट झाले नाही तर काय होते, याचे दाखले आहेत. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळ दक्षिण फ्लोरिडावर आदळले. होमस्टेड गावातल्या १,१७६ मोबाइल होमपैकी (अशा घरांचे जुने नाव) १,१६७ पूर्ण नष्ट झाली. त्यानंतर १९९४ मध्ये हडने वाऱ्याचे निकष कडक केले. ते घराच्या बांधणीचे झाले; आता घर बसवण्याचे बघा. अलाबामाच्या ली काउंटीत ३ मार्च २०१९ रोजी टोर्नेडोने २३ जणांचा बळी घेतला. त्यातले बहुतेक अशाच घरांत होते, आणि नंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना गंजलेले नि अपुरे अँकर सापडले. इएफ-४ (पट्टीवर वरून दुसऱ्या) तीव्रतेच्या टोर्नेडोच्या ऐन मार्गात उत्तम बांधलेले घरही टिकेलच असे नाही, हे मान्य. पण त्या मार्गाच्या कडेला, जिथे वारा कमी असतो, तिथे घर जागेवर राहते की उलटते हे बऱ्याचदा त्या पट्ट्या नि अँकर ठरवतात.

काँग्रेसलाही हे कळले होते. म्हणून २००० सालच्या दुरुस्तीने घर बसवण्याचे काम आणि ग्राहक-विक्रेता-कारखानदार यांच्यातले वाद, दोन्हींसाठी व्यवस्था हवी असे ठरले. ती राज्याने चालवावी, राज्य चालवत नसेल तर हडने. म्हणजे राज्याने मंडळ बंद केले तरी नियम उरतातच. फक्त तक्रार घेऊन जायचे दार आपल्या राज्याच्या राजधानीऐवजी वॉशिंग्टनला जाते. तळाच्या पट्ट्या सुटल्यात म्हणून फोन करणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला यात काय मिळाले?

प्रोपेनकडे वळतो, कारण या दोन विषयांची झडती एकत्र येते ती उगाच नव्हे. ही घरे प्रामुख्याने ग्रामीण भागात असतात, तिथे नळाने येणारा नैसर्गिक वायू पोहोचलेला नसतो. मग अंगणात प्रोपेनची टाकी येते. ५०० गॅलनची टाकी नेहमीची. नियमाप्रमाणे ती ८० टक्केच भरतात, तरी आपल्या १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरांच्या हिशेबात पन्नासहून अधिक सिलिंडरांचा गॅस एका अंगणात. शिवाय अनेक शेगड्या नि भट्ट्या फॅक्टरीतून नैसर्गिक वायूसाठी जुळवून येतात. प्रोपेनसाठी त्यांचे जेट बदलावे लागतात, दाब जुळवावा लागतो. ते राहून गेले तर ज्योत बेफाम होते आणि घरात कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. प्रोपेन हवेच्या दीडपट जड. दोन अर्ध्यांमधल्या गॅसजोडणीतून गळती झाली तर तो वर उडून जात नाही, घराच्या तळाशी, घर आणि जमीन यांच्यामधली मोकळी जागा चहूबाजूंनी झाकणाऱ्या स्कर्टिंगच्या आत साठत राहतो. घर बसवणाऱ्याची चूक आणि गॅसवाल्याची चूक एकाच बंदिस्त जागेत येऊन भेटतात.

आता म्हणतात, विमा आणि स्पर्धा आहेत ना? ३० जानेवारी २००७ रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या घेंट गावात काय झाले ते बघा. एका दुकानाच्या मागच्या भिंतीला अगदी चिकटून ५०० गॅलनची टाकी होती. अशी टाकी इमारतीपासून किमान १० फूट दूर हवी असा नियम. ही १९९४ पासून तिथेच होती. त्या दिवशी जुन्या टाकीतला गॅस नव्या टाकीत घ्यायचा होता. काम सुरू करणारा तंत्रज्ञ नोकरीला लागून जेमतेम दीड महिना झालेला, औपचारिक प्रशिक्षण शून्य, आणि तो एकटा होता. त्याने एका व्हॉल्व्हचे बूच काढले, व्हॉल्व्ह बिघडलेला होता, आणि द्रवरूप प्रोपेन उसळून बाहेर आला. जवळजवळ अर्धा तास गॅस दुकानात शिरत होता आणि दुकान रिकामे केले गेले नाही. स्फोटात चौघे गेले, त्यांत मदतीला धावून आलेलेही होते. केंद्राच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने चौकशी करून राज्याला सांगितले की प्रोपेन हाताळणाऱ्यांचे प्रशिक्षण आणि पात्रता कायद्याने सक्तीची करा.

तेरा वर्षे भिंतीला चिकटलेली टाकी बाजाराने हलवली नाही. विमा कंपनी पैसे देते ते माणसे गेल्यावर. आणि स्पर्धेचे म्हणाल, तर अंगणातली टाकी बहुधा गॅस कंपनीच्याच मालकीची असते आणि अनेक राज्यांत मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीने ती भरणे बेकायदा आहे. त्यामुळे गिऱ्हाईक सहजासहजी कंपनी बदलू शकत नाही.

‘एनएफपीए ५८ आहे की’, असेही कोणी म्हणतो. हे प्रोपेनचे नियमपुस्तक उत्तम आहे, पण ते काढते एक खासगी संस्था. राज्य ते कायद्यात घेते तेव्हाच ते बंधनकारक होते, आणि राज्याचा माणूस तपासायला जातो तेव्हाच त्याला अर्थ येतो. घेंटमधला दहा फुटांचा नियम कागदावर होताच. केंद्राची खाती प्रोपेनची वाहतूक, पाइपलाइन आणि कामगारांची सुरक्षा बघतात; एका कुटुंबाच्या अंगणातली टाकी त्यांच्या कक्षेत जवळपास येतच नाही.

एक गोष्ट आपल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरातली. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. आपल्या सिलिंडरचा जो उग्र वास आपण ओळखतो, तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत वास नसलेला नैसर्गिक वायू साचून स्फोट झाला, सुमारे ३०० जण गेले, बहुतेक मुले. त्यानंतर टेक्सासच्या विधिमंडळाने वायूला वास देणे सक्तीचे केले. हे काम राज्याच्या आमदारांनी केले.

फीमुळे घर महाग होते हा मुद्दा थोडक्यात. नव्या घराची सरासरी किंमत आज सुमारे सव्वा लाख डॉलर आहे. खरा भार येतो तो कर्जाचा, कारण जागा भाड्याची असली की घराला सहसा गहाणकर्ज मिळत नाही, वाहनासारखे जंगम मालमत्तेचे महागडे कर्ज घ्यावे लागते. आणि येतो दरवर्षी वाढणाऱ्या जागाभाड्याचा. परवान्याची फी यापुढे किरकोळ आहे. शिवाय परवाना असतो म्हणूनच विक्रेत्याकडून हमीपत्र घेता येते. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये तर फसवल्या गेलेल्या ग्राहकासाठी भरपाईची व्यवस्था आहे. मंडळ बंद केले की तीही जाते.

राहिली मंडळे धंदेवाल्यांच्या हातात असण्याची तक्रार. अनेक राज्यांत अशा मंडळांवर विक्रेते नि कारखानदार बसतात आणि आपल्याच व्यवसायबंधूंच्या तक्रारी ऐकतात. मला हे अजिबात मान्य नाही. पण याचे उत्तर मंडळ मोडणे नव्हे. त्यात या घरांत राहणाऱ्यांना बसवणे, तपासणीचे निकाल जाहीर करणे आणि निरीक्षकांची संख्या वाढवणे हे आहे. सनसेटची तपासणी नेमकी यासाठीच वापरता येते, आणि बऱ्याच ठिकाणी तिच्या सुनावणीत नागरिकांना बोलता येते. तुमच्या राज्यात ती लागली असेल तर मंडळाला आमदारांसमोर एवढे विचारा: गेल्या वर्षी बसवलेल्या किती घरांचे अँकर तुमच्या माणसाने स्वतः जाऊन बघितले, आणि किती टाक्या तपासल्या?