बंबात वायरी जाळून पर्यावरण वाचत नसतं, आत्या

परवा सकाळी सोलापुरात भवानी पेठेत आत्याकडे गेलो, तर जिन्यातच घसा धरला. वर बंब पेटलेला आणि आत दुधाच्या पिशव्या, तुटकी चप्पल, जुन्या वायरचं भेंडोळं. "अरे, ग्रुपवर आलंय. कचराही संपतो, सरपणही वाचतं." ग्रुपवर आलंय म्हणजे झालंच! 'घरच्या घरी पर्यावरण वाचवा' असा पाच उपायांचा तो मेसेज आहे, खाली 'दहा जणांना पाठवा'.

पहिला उपाय: प्लास्टिक म्हणजे पेट्रोलच, ते बंबात जाळा, जर्मनीतही जाळतात, राख तुळशीला घाला.

यातलं खरं काय ते आधी देऊन टाकतो. पिशवी रॉकेलसारखी भडकते, कबूल. जर्मनीत कचरा जाळून वीज करतात, तेही कबूल. पण तिथल्या भट्टीत धूर किमान 850 अंशांवर दोन सेकंद राहिलाच पाहिजे असा कायदा आहे, आणि मग तो गाळून बाहेर सोडतात. आपल्या बंबात नळीभोवती पाणी असतं. आगीची उष्णता ओढून घेणं हेच त्या पाण्याचं काम. म्हणजे आग जितकी तापायला हवी, तितकी आपणच ती निववत बसतो.

दुधाच्या पिशवीत क्लोरीन नसतं, पण वायरीवरच्या पीव्हीसी प्लास्टिकमध्ये असतं. ते असं अर्धवट जळलं की डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेचं डायॉक्सिनवरचं माहितीपत्रक एकदा वाचाच. अर्धवट ज्वलनामुळे अनियंत्रित कचरा जाळणं हा बऱ्याचदा त्यांचा सर्वांत वाईट स्रोत असतो, असं त्यात म्हटलंय. शरीरात गेलेले डायॉक्सिन निम्मे व्हायलाच 7 ते 11 वर्षं लागतात. कर्करोगाशी त्यांचं नातं आहे, हेही तिथंच लिहिलंय.

आणि राख! जुन्या वायरीच्या आवरणात शिसं असायचं. ते जळून नाहीसं होत नाही, राखेत उरतं. ती राख तुळशीला, आणि खोकला आला की त्याच तुळशीची पानं आत्याच्या काढ्यात.

राष्ट्रीय हरित लवादानं 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये दंड ठरवला. बंब छपराखाली म्हणून आत्या सुटली.

बाकीचे उपाय पटकन. रात्री फ्रिज बंद ठेवा म्हणे, बिल निम्मं होतं. सोलापूरच्या मे महिन्यात करून बघा, सकाळी दूध फाटलेलं मिळेल. आरओ फिल्टरनं सोडलेलं पाणी कुंड्यांना घाला म्हणे. त्यात क्षार साठलेले असतात, रोज घातलंत तर माती पांढरी पडेल. फरशी पुसा, संडासात ओता. चार-चार दिवस नळाची वाट बघितलेल्या गावाला पाणी जपायला ग्रुपनं शिकवायला नको. नवी कापडी पिशवी विकत घ्या, हाही एक. घरात विरलेली चादर असताना? तिचीच शिवा की. ओला कचरा कुजवा हे तेवढं बरोबर, पण 'झाकण घट्ट लावा' नाही. हवा आणि वाळका पाला नसेल तर नुसता वास आणि अळ्या.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. "मग या पिशव्यांचं काय करू?" धुऊन वाळव, साठल्या की भंगारवाल्याला दे, नाहीतर घंटागाडीत सुक्या कचऱ्यात.

"आणि पाणी कशावर तापवू? सिलिंडर तू भरणार?"

गावाकडून तुराट्यांची मोळी आणून देतो म्हटलं. धूर तिचाही होणारच, पण त्यात वायर तरी नसेल.