दार्दानेल्स : तीन युद्धनौका तोफांनी बुडाल्या नाहीत

पहिल्या महायुद्धात, १८ मार्च १९१५ रोजी, तुर्कस्तानातल्या दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत तुर्कांच्या किनारी तोफांनी ब्रिटिश-फ्रेंच ताफ्याच्या तीन युद्धनौका बुडवल्या, असा मजकूर सध्या फिरतो आहे. तारीख बरोबर, तीनचा आकडाही बरोबर. कारण मात्र चुकलंय.

‘बुव्हे’, ‘इर्रेझिस्टिबल’ आणि ‘ओशन’ या तिन्ही नौकांचा घात पाण्यात पेरलेल्या सुरुंगांनी केला. दहा दिवस आधी ‘नुसरेत’ या छोट्या तुर्की जहाजाने एरेनकोय उपसागरात रात्रीतून २६ सुरुंग पेरले होते; तेही नेहमीसारखे सामुद्रधुनीला आडवे नाहीत, किनाऱ्याला समांतर. दोस्तांच्या, म्हणजे ब्रिटिश-फ्रेंच, नौका मारा करून नेमक्या तिथेच उजवीकडे वळून परततात, हे तुर्कांनी हेरलं होतं. ‘बुव्हे’ काही मिनिटांत उलटली, सहाशेंहून अधिक खलाशी गेले.

मग तोफांनी काहीच केलं नाही का? केलं. ‘गोल्वा’ ही फ्रेंच नौका तोफगोळ्यांनीच जायबंदी झाली. पण तोफांचं खरं काम वेगळं होतं : सुरुंग काढणाऱ्या बोटींना जवळ फिरकू न देणं. त्या बोटी म्हणजे मासेमारीचे ट्रॉलर, त्यावर बरेचसे बिगरलष्करी खलाशी! एवढ्या बलाढ्य आघाडीने हे काम त्यांच्यावर सोडावं, हेच नवल.