फुकटचा राउटर

घरातला राउटर गेला की दोन रस्ते उरतात. दुकानातून नवा आणायचा, नाहीतर माळ्यावरचा जुन्या कॉम्प्युटरचा सीपीयू खाली उतरवून, त्यात लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) टाकून, फुकटात राउटर करायचा. पहिला रस्ता शहाण्याचा. मी दुसऱ्याबद्दल सांगणार आहे. (अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणणं चूक आहे, हे मला माहीत आहे. पण जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही दुकानात डब्याचं हेच नाव चालतं, तिथे वाद घालून काय मिळणार?)

तत्त्व म्हणून यात खोट नाही. २००३ साली लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरच्या पोटात लिनक्स निघालं, त्याचा कोड खुला झाला आणि त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं लिनक्स उभं राहिलं. तळहाताएवढ्या डब्यात जे बसतं, ते गोदरेजच्या कपाटासारख्या डब्यात का बसू नये? बसतं. फक्त तळहाताएवढ्या डब्याचा पंखा साफ करावा लागत नाही.

सीपीयू उतरवल्या उतरवल्या वायर लावू नका. आधी झाकण काढून, अंगणात नेऊन, ब्रशने धूळ झाडा. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबराने घासा. नुसतं बीप-बीप करणाऱ्या कित्येक सीपीयूंचं दुखणं तेवढ्यानेच जातं. प्रोसेसरवरची, त्याची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असते, ती स्पिरिटने पुसा आणि तुरीच्या दाण्याएवढी नवी लावा. इतरत्र हे टाळलं तरी कदाचित निभेल. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा तो प्रोसेसर पऱ्हाट्यांवर ठेवलेल्या भरताच्या वांग्यासारखा भाजून निघतो.

मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेलही बदला. हा ३ व्होल्टचा गोल सेल किरकोळ वाटतो, पण आपल्याकडे सगळा खेळ त्याच्यावर आहे. बायोसमध्ये (सीपीयू सुरू होताना सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्रॅम) दोन गोष्टी लावायच्या असतात: लाईट आली की आपणहून सुरू हो, आणि कीबोर्ड नसला तरी अडून बसू नकोस. दुसरी राहिली, तर सीपीयू सांगतो, ‘कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा.’ कशाने दाबायचं, ते सांगत नाही. सेल मेलेला असेल तर लाईट जाताच दोन्ही सेटिंग पुसल्या जातात. मग लाईट येते, फ्रिज चालू होतो, पंखे फिरतात आणि राउटर तेवढा पडून राहतो.

प्रोसेसर कोअर टू डुओ आणि रॅम १ जीबी असली तरी भरपूर झालं. खरी गोम वायफायच्या कार्डात. बाजारातली नखाएवढी स्वस्त डोंगलं (यूएसबीत खुपसायची वायफाय कार्डं) पुष्कळदा नेट घ्यायला शिकलेली असतात, वाटायला नाही. ‘आयडब्ल्यू लिस्ट’ ही कमांड द्या आणि मोडच्या यादीत ‘एपी’ (ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय वाटायची सोय) आहे का बघा. नसेल तर तिथेच थांबा, पुढची मेहनत वाया जाणार. अथेरॉस कंपनीची चिप आणि ती चालवणारा एटीएच९के ड्रायव्हर ही जोडी भरवशाची. पण खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. त्याच नावाच्या पुढच्या आवृत्तीत चिप दुसरीच निघू शकते. मुलगा दाखवला एक, बोहल्यावर उभा दुसरा!

लिनक्स म्हणून डेबियन टाका, डेस्कटॉपशिवाय. मग हॉस्टएपीडी वायफाय पसरवतं, डीएनएसमास्क पत्ते वाटतं आणि एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमधली मास्करेडची ओळ सगळ्यांना एका पत्त्याआडून बाहेर सोडते. चॅनल १, ६ किंवा ११ घ्या, हे एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. पासवर्ड किमान ८ अक्षरांचा. डेबियन हॉस्टएपीडीला सुरुवातीला मास्क करून, म्हणजे कुलूप लावून ठेवतं, ते अनमास्क करा. नेटवर्कमॅनेजर (जोडण्या सांभाळणारा प्रोग्रॅम) बसवलेलं असेल, तर वायफाय कार्डाला हात लावायचा नाही अशी त्याला ताकीद द्या. आणि डेबियनऐवजी उबंटू घेतलंत, तर पोर्ट ५३ वर (साइटच्या नावाचा पत्ता विचारायची जागा, डीएनएसमास्कलाही हीच लागते) उबंटूच्या सिस्टमडी-रिझॉल्व्ड या सेवेने एसटीतल्यासारखा आधीच रुमाल टाकलेला असतो. डीएनएसमास्क उभंच राहतं, सुरू होत नाही. त्याला ‘बाइंड-इंटरफेसेस’ ही ओळ देऊन आपल्यापुरती जागा करून द्या.

पत्ते वाटताना १९२.१६८.५०.१० ते १९२.१६८.५०.१०० असे काहीतरी वेगळे घ्या. फायबरवाल्याचा डबा बहुधा १९२.१६८.१ चे पत्ते देतो. तुम्हीही तेच घेतलेत, तर दोन गल्ल्यांना एकच नाव पडतं आणि पोष्टमन चौकातच फिरत राहतो. मोबाइलवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या, पण नेट मात्र चालत नाही, असं झालं तर आयपी फॉरवर्ड (एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जाऊ देणारी लिनक्सची सेटिंग) १ करायचं राहिलंय.

सगळ्यात छळतो तो पुढचा बिघाड. व्हॉट्सॲप पळतं, पिंग (लाइन तपासायची छोटी हाक) जातं आणि बँकेचं पान मात्र गोल-गोल फिरत बसतं. नेटवरचा माल पाकिटांतून जातो. लाइन पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्ड देऊन जोडायची) असेल, तर १५०० बाइटच्या पाकिटातले ८ बाइट तीच खाते आणि १४९२ उरतात. छोटी पाकिटं सुटतात, मोठी अडकतात. केळीने लादलेला ट्रक रेल्वेच्या मोरीखाली अडकावा तशी. एनएफटेबल्समध्ये एमएसएस क्लॅम्पची, म्हणजे पाकिटातल्या मालाला मर्यादा घालणारी, एक ओळ घातली की ट्रक कमी भरून निघतो.

डोंगल सीपीयूच्या पाठीला लावू नका, डब्याचा पत्रा सिग्नल अडवतो. दीड मीटरची यूएसबी एक्स्टेंशन घेऊन ते उंच टांगा. धाब्याच्या घरातल्या दोन फुटी मातीच्या भिंतीपुढे मात्र लिनक्सचंही काही चालत नाही. खिडकीतला पाण्याने भरलेला पत्र्याचा कूलर त्याहून वाईट.

आता फुकटाचा हिशोब. असा सीपीयू ८० वॅट खात असेल, तर २४ तास चालून महिन्याला साधारण ५८ युनिट होतात. ८ वॅटच्या राउटरला सहासुद्धा लागत नाहीत. हे गणित घरात फोडू नये. तसंही कुणीतरी आजी येता-जाता विचारतेच, “हाई खोकं कसाले चालू से?”

स्विचवर चिकटपट्टी लावून ‘हात लावू नये’ लिहावं. स्विचला कुणी हात लावत नाही. मोबाइल चार्जिंगला लावायचा म्हणून सरळ पिनच काढतात आणि मग त्याच मोबाइलकडे बघत विचारतात, “काय भो, नेट गेलं का?”