दीवची चर्च सिमेंटवर उभी नाहीत

वडोदऱ्यातल्या मराठी ग्रुपांमध्ये आठवडाभर एक मेसेज फिरतोय. त्याचा सार असा: 1961 मध्ये भारतीय लष्कर तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात असलेल्या दीवमध्ये शिरलं आणि सरकारने तिथली चर्च बळकावली. एकाचा दवाखाना केला, एकाचं म्युझियम. आता तिथे प्रार्थना कायमची बंद. आणि शेवटी सल्ला: 'ही 400 वर्षांची इमारत सिमेंटमुळे उभी आहे. तुमच्या जुन्या घराचाही चुना खरवडून सिमेंट मारा.' दांडिया बाजारातल्या आमच्या मामांनी हे वाचून गवंड्याला बोलावलं आहे, म्हणून घाईने लिहितो.

आधी 'बळकावली'. ज्याचा दवाखाना झाला ते सेंट फ्रान्सिसचं चर्च फ्रान्सिस्कन साधूंच्या मठाचं होतं. पुरुषांचे सगळे मठ बंद करून त्यांची मालमत्ता सरकारजमा करण्याचा हुकूम पोर्तुगालनेच काढला, 1834 साली. म्हणजे भारतीय सैनिक येण्याच्या 127 वर्षं आधी. त्याच वर्षी लिस्बनमधल्या साओ बेंतोच्या मठात त्यांनी आपलं पार्लमेंट बसवलं, ते आजही तिथेच भरतं. रिकाम्या मठाला नवा वापर देण्याची रीत त्यांचीच होती. जुन्या गोव्यात भारतीय पुरातत्त्व खात्याने 1964 मध्ये म्युझियम उघडलं हे खरं, पण तेही असंच ओस पडलेल्या फ्रान्सिस्कन मठात. आणि सरकारला चर्च हवीच होती, तर दीवमधलं सगळ्यांत देखणं सेंट पॉल कसं सुटलं? ते जेझुइट या दुसऱ्या ख्रिस्ती साधुसंघाने बांधलं. जेझुइटांनाही पोर्तुगालनेच 1759 मध्ये हाकललं. तिथे उपासना अजून चालू आहे.

'प्रार्थना कायमची बंद' हेही चूक. म्युझियम झालेल्या सेंट थॉमसमध्ये 1 नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना होते. एवढं मात्र मान्य करावं लागेल की दीवमधली ख्रिस्ती कुटुंबं फार थोडी उरली आहेत. तेवढ्या माणसांना तीन मोठी चर्च चालवणं शक्य नव्हतं.

आता सिमेंट. इथे नुसतं चूक म्हणून भागत नाही, नुकसान होणार आहे. सेंट थॉमस 1598 चं. आज आपण वापरतो त्या पोर्टलंड सिमेंटचं पेटंट 1824 चं. पहिली 226 वर्षं ही इमारत कशावर उभी होती? चुन्यावर.

चुन्याच्या भिंतीत ओल शिरते आणि विटांमधल्या दरजांतून, गिलाव्यातून बाहेरही पडते. सिमेंटचा थर घट्ट असतो. ओल आत कोंडते, वाट शोधत भिंतीत आणखी वर चढते. तिच्याबरोबरचा क्षार गिलाव्याच्या मागे साठतो आणि सुकताना त्याचे खडे फुगतात. त्यालाच आपण लोणा म्हणतो. दोन-तीन पावसाळे बाहेरून सगळं छान दिसतं. मग थापटल्यावर पोकळ आवाज येतो, आणि एक दिवस प्लास्टरची लादी विटेचं तोंड घेऊन खाली येते. दीवला समुद्राची खारी हवा असल्याने हे लवकर होतं. वडोदऱ्यात जमिनीतली ओल आणि गळकं पन्हळ तेच काम करतात, फक्त सावकाश.

म्हणून पहिलं काम पन्हळ आणि नळ दुरुस्त करणं. मग भिंत थापटत जा आणि पोकळ वाजेल तेवढाच गिलावा काढा. बाकीच्याला हात लावू नका. दरजा हातोडी-छिन्नीने 20 ते 25 मिलिमीटर मोकळ्या करायच्या, ग्राइंडर लावला की विटेच्या कडा जातात. कळीचा चुना विरवून निदान महिनाभर पाण्याखाली ठेवलेला हवा. नीट न विरलेले खडे राहिले तर ते भिंतीत फुलतात आणि गिलाव्याला फोड येतात. प्रमाण एक भाग चुना, तीन भाग चाळलेली रेती. ओलीच्या जागी एक चुना, एक सुरखी म्हणजे विटांची पूड, दोन रेती. सुरखी नीट भाजलेल्या विटेचीच. भिंत आदल्या संध्याकाळी आणि सकाळी भिजवा. थर 10-12 मिलिमीटरपेक्षा जाड नको, दुसरा थर पहिल्यात नख रुतेनासं झाल्यावर, म्हणजे आठवड्याने तरी. ओली गोणपाटं सात ते दहा दिवस. भेगा पडल्या तर थर उन्हाने लवकर सुकला किंवा चुना जास्त झाला असं समजा.

गवंडी 'लवकर धरेल' म्हणून मूठभर सिमेंट टाकायला बघेल. टाकू देऊ नका. तेवढ्याने चुना बळकट होत नाही, उलट थर ठिसूळ होतो आणि काम बिघडतं. वरून चुन्याच्या पाण्याचे तीन-चार पातळ हात द्या, प्लास्टिक पेंट नाही. तोही ओल कोंडतो.

मामा, मागच्या खोलीला काल सिमेंट लागलं असेल तर आजच काढायला लावा. कच्चं आहे तोवर ते थापीने निघेल. महिन्याने काढाल तर विटा फुटतील.