टपापासून पाट्यांपर्यंत

पिकअप घेण्याआधी मी सगळी चौकशी केली होती. वजन किती ओढते, तेल किती पिते, अरुंद वळणावर नाक कुठे जातं आणि शेपूट कुठे राहतं. हिला धुणार कोण, हे मात्र मी कोणाला विचारलं नाही आणि कोणी आपणहून सांगितलंही नाही. साध्या मोटारीला मागे डिकी असते, हिला हौदा आहे. चार बादल्या पाणी जास्त लागेल, एवढाच माझा हिशेब. हौदा हत्तीच्याही पाठीवर असतो हे तेव्हा आठवलं असतं तर कामाचा अंदाज तिथेच आला असता. आणि हत्ती निदान स्वतःच्या सोंडेने पाणी तरी घेतो.

त्यात रंग. "पांढरी घेऊ नकोस, चिखल दिसतो" असं सांगणारे भेटले. "काळी घेऊ नकोस" म्हणणारेही भेटले. काळ्यावर काय दिसतं, असं त्यांना विचारलं तेव्हा ते नुसते हसले. मी काळी घेतली. काळ्यावर सगळं दिसतं. धूळ दिसते, धूळ पुसल्याच्या रेघा दिसतात, रेघा घालवायला घासलं की वर्तुळं दिसतात, आणि या सगळ्याच्या मधोमध घामाघूम झालेला मी दिसतो.

पहिली धुलाई मी भर दुपारी काढली. ऊन असलं की गाडी लवकर वाळेल, हा विचार. साबण भांडी घासायचा, कारण जो जळक्या कढईला भीत नाही तो पत्र्याला काय भिणार. मध्येच स्पंज हातातून निसटून जमिनीवर पडला. मी तो उचलला, दोनदा झटकला आणि पुन्हा बॉनेटवर गोल गोल फिरवायला लागलो. ऊन इतकं होतं की फेस जागच्या जागी वाळायचा. पुढे गेलो की मागचं दार पांढरं पडायचं, मागे धावलो की पुढचं. तासभर मी गाडीभोवती स्वतःचाच पाठलाग करत होतो. पण शेवटी गाडी चमकली. मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो आणि आपल्याला हे जमतं असं मला वाटलं. ते समाधान रात्रभर टिकलं.

सकाळचं तिरपं ऊन बॉनेटवर पडलं तेव्हा तिथे कोळ्याने रात्रपाळी केल्यासारखं दिसत होतं. बारीक, गोल, एकात एक गुंतलेल्या हजारो रेघा. मी ज्या ज्या दिशेने प्रेमाने हात फिरवला होता त्या प्रत्येक दिशेची सही होती. शेजारचे काका फिरायला निघाले होते ते थांबले. या काकांची गाडी माझ्या गाडीपेक्षा बरीच जुनी आहे आणि तिच्यात बघून भांग पाडता येतो. त्यांनी मान तिरकी करून बॉनेट बघितलं आणि विचारलं, "कशाने धुतलीत? पॉलिश पेपरने?"

मग त्यांनी मला उभ्या उभ्या शिकवणी दिली. गाडीच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. सगळी चमक आणि सगळं संरक्षण त्याचं. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, आणि माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे केसापेक्षाही पातळ थरावर मी वाळूचे कण दाबून दाबून फिरवले होते. भांड्यांचा साबण तेल-मेण उतरवायलाच बनवलेला असतो, तेव्हा गाडीवर जे काही मेण होतं ते त्याने इमानाने उतरवून दिलं होतं. "हा थर एकदा गेला की परत येत नाही," काका म्हणाले. माझा हात नकळत टाळूकडे गेला. परत न येणाऱ्या गोष्टींची मला घरचीच सवय आहे.

महिनाभर गाडी चिखलात उभी होती तेव्हा तिचं काही बिघडलं नव्हतं. बिघडवली ती मी. धुऊन.

तेव्हापासून आमच्याकडे दोन बादल्यांची पद्धत सुरू झाली. एका बादलीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक दार धुवायचं, मोजा साध्या पाण्यात खळबळून त्यातली माती सोडायची, मग पुन्हा शॅम्पू. दोन्ही बादल्यांच्या तळाशी जाळी, म्हणजे बसलेली वाळू वर येत नाही. त्याआधी नुसत्या पाण्याचा फवारा मारून सुटी धूळ घालवायची. ऊन टाळायचं, पत्रा हाताला गार लागल्याशिवाय सुरुवात करायची नाही. शॅम्पू पीएच न्यूट्रल हवा, म्हणजे ना आम्ल ना अल्कली. स्वतःच्या डोक्याला शॅम्पू घेताना मी आजवर फक्त बाटलीचा रंग बघत आलोय. दोन बादल्या न्हाणीघरातून गेल्या त्या गेल्याच, आणि त्यावर घरात जे बोललं गेलं ते इथे लिहीत नाही.

पुढचा घोळ क्रमाचा. नियम असा की वरून खाली धुवायचं, कारण घाण खाली वाहते. दुसरा नियम असा की चाकं आधी धुवायची, कारण तिथली घाण वर उडते. दोन्ही नियम बरोबर आहेत आणि दोन्ही एकाच माणसाला पाळायचे आहेत. चाकांवर ब्रेकची भुकटी बसलेली असते आणि तिच्यात लोखंडाचे कण असतात. ते काढायचं एक औषध मिळतं. लोखंड भेटलं की ते जांभळं होतं. पहिल्यांदा फवारलं तेव्हा रिमवरून जांभळे ओघळ जमिनीवर यायला लागले. मुलगी खिडकीतून ओरडली, "बाबा, तिला लागलंय!"

टप ही तर वेगळीच मोहीम. साध्या मोटारीच्या टपावर खांद्यातून हात टाकला की मध्यापर्यंत पोहोचतो. पिकअपच्या टपाला मी जमिनीवरून फक्त नमस्कार करू शकतो. स्टुलावर चढून डावीकडून अर्धा टप, स्टूल उचलून उजवीकडून अर्धा. दोन अर्ध्यांची बेरीज एक होत नाही, हे तिथे कळतं. मधोमध वीतभर रुंदीचा एक पट्टा आहे, त्यावर माझा हात आजतागायत पोहोचलेला नाही. तो कंपनीतून आला तसाच असावा, वर थोडी माती.

केबिनची मागची काच धुवायला हौद्यात उभं राहावं लागतं. हौदा आधी धुतला तर मी त्यात बुटांनी चिखल नेतो. काच आधी धुतली तर हौद्याचे शिंतोडे काचेवर जातात. एकदा अनवाणी चढलो. ओल्या हौद्यात अनवाणी उभं राहणं म्हणजे काय, हे नंतर कमरेने पंधरा दिवस समजावून सांगितलं.

यानंतर पुसणं. पाणी आपोआप वाळू दिलं तर त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम मागे राहतं आणि काळ्या रंगावर पांढऱ्या टिकल्यांची नक्षी उमटते. त्या टिकल्या पुन्हा धुऊन निघतीलच असं नाही. म्हणून लगेच, कोरड्या मायक्रोफायबरने. या कापडाची एक गंमत सांगतो. मळलेली कापडं मी कौतुकाने वॉशिंग मशीनमध्ये टाकली आणि मऊ राहावीत म्हणून वर फॅब्रिक सॉफ्टनर ओतलं. सॉफ्टनरचा थर त्या बारीक तंतूंवर बसतो आणि कापड पाणी प्यायचं सोडून देतं. माझी कापडं इतकी मऊ झाली की पाण्याला दुखवायलाही तयार नव्हती. फिरवलं की पाणी एका दारावरून दुसऱ्या दारावर जायचं, कमी व्हायचं नाही.

आणि सगळं पुसून झालं, कापडं वाळत घातली, आपण हात पुसत गाडीकडे समाधानाने बघितलं, की आरशाच्या खाचेतून एक थेंब बाहेर येतो आणि सावकाश दारावरून खाली उतरतो. त्याच्या मागे दुसरा. नंबर प्लेटच्या मागून तिसरा. फाळक्याच्या मुठीतून एक बारीक धारच. गाडी रडते. हा भाग मी कोणाला सांगत नाही, पण मी तिथे कापड घेऊन बसून राहतो, तिचं आवरेपर्यंत.

पक्ष्यांबद्दल फार लिहीत नाही. त्यांच्याशी माझे संबंध आता बोलण्यापलीकडे गेले आहेत. इतकंच, की ती शिट आम्लधर्मी असते, उन्हात तापलेल्या क्लिअर कोटवर डाग कोरून जाते, आणि ती नखाने खरवडायची नसते. ओलं कापड दहा मिनिटं ठेवून, मऊ झाली की अलगद उचलायची. लोक बाळाचं नाकही इतक्या हळुवारपणे पुसत नाहीत.

काकांच्या शिकवणीचा दुसरा धडा क्ले बार, म्हणजे पत्र्यात रुतलेली घाण ओढून काढणारी चिकणमातीसारखी वडी. धुतलेला पत्रा दिसायला स्वच्छ असला तरी त्यात झाडांचा चीक, लोखंडाचे कण असं काय काय रुतलेलं असतं. ते डोळ्यांना दिसत नाही. तपासायचं कसं, तर हातात प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालून बोटं पत्र्यावरून हलकेच फिरवायची. पिशवीमुळे बारीकसा कणही खरखरीत लागतो. रविवारी सकाळी हाताला पिशवी बांधून, डोळे मिटून, मी बॉनेट कुरवाळत उभा होतो. डोळे मिटले की जास्त चांगलं कळतं. उघडले तेव्हा समोर रस्त्यावरून चाललेलं एक कुटुंब थांबलेलं होतं. त्यातल्या आईने मुलाचा हात घट्ट धरला होता. "खरखरीत आहे," मी खुलासा केला. ते लगेच निघाले.

क्ले फिरवल्यावर मेण. त्यातही कार्नोबाचं. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरचं हे मेण. वितळायला 80 अंशांच्या वर तापमान लागतं म्हणून तापलेल्या बॉनेटवरही तग धरतं. तरी दोन-तीन महिन्यांत उतरतंच. मेण लावताना ते काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना लागू द्यायचं नाही, वाळलं की पांढरं दिसतं. माझ्या गाडीच्या पट्ट्या बघितल्या तर मला ही सूचना किती उशिरा मिळाली हे कळेल.

तर अशी गाडी झाली. पाणी टाकलं की टपोरे मोती होऊन घरंगळायचं. मी काकांना मुद्दाम बोलावून पाण्याचा तांब्या ओतून दाखवला. काका बघून "छान" म्हणाले, मग गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि म्हणाले, "खाली कधी गेला होतात?"

खाली म्हणजे? खाली कोण जातं?

त्या रविवारी मी गाडीखाली पाठीवर झोपलो आणि वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणजे काय ते नाकासमोर बघितलं. मडगार्डच्या आतल्या दुमडीत वर्षभराची माती ठासून बसली होती. ती कायम ओलसर राहते, आणि लोखंड, पाणी, हवा हे तिघे एकत्र बसले की गंज चढायला आणखी कोणाची गरज लागत नाही. मीठ असेल तर काम अधिकच लवकर होतं. चाकांचे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या फटींत चिखल. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती बुजलेली. मी एका भोकात लाकडी काडी घातली. गेल्या धुलाईचं पाणी, कदाचित त्याच्याही आधीच्या, दारातून सुटून थेट माझ्या कानात आलं.

अजून हौदा बाकी होता. हौद्याला ओरखडे पडू नयेत म्हणून मी त्यात प्लॅस्टिकचं जाड लायनर टाकून घेतलं होतं, आणि ते जसंच्या तसं होतं. काका म्हणाले, उचला. दोघांनी मिळून उचललं. लायनरखाली गेलेली वाळू लायनर हलेल तशी वर्षभर पत्र्यावर घासत होती, आणि दर धुलाईला मी ओतलेलं पाणी तिथे झाकलेलं राहत होतं. ओरखड्यांपासून वाचवायला घातलेल्या वस्तूखाली ओरखडे होते आणि ओरखड्यांत नारिंगी फुलं फुलली होती. काका काही बोलले नाहीत. तो दिवस त्यांनी मला सोडून दिला.

मग घासणं, गंजरोधक, टच-अप रंग. दोन रविवार गेले. हौदा परत काळा झाला, लायनर अडगळीत गेलं, आणि गाडीच्या पोटाखाली पाण्याचा फवारा मारणं हा कार्यक्रमाचा कायमचा भाग झाला.

परवा बायको म्हणाली की बागेसाठी मातीची सहा पोती आणायची आहेत, पिकअप काढ. मी म्हटलं, माती? कालच धुतलीय. तिने विचारलं, मग गाडी घेतली कशाला? इथे मी चूक केली. बोलण्याच्या भरात तिला माहिती दिली की फोर्डने 1925 साली मॉडेल टीला कारखान्यातूनच हौदा बसवून विकायला काढलं, तेव्हापासून या गाड्या सामान वाहतात. "हो ना?" ती म्हणाली. "मग?"

पोती आणायला आम्ही गेलो. हौद्यात मी आधी ताडपत्री अंथरली. ताडपत्रीखाली वाळू गेली तर, म्हणून ती काढून पत्रा पुसला आणि परत अंथरली. तिच्यावर जुनी गोधडी टाकली. पोती बाहेरून झटकून घेतली. पहिलं पोतं दोन्ही हातांत धरून ते कुठल्या बाजूने ठेवावं याचा विचार करत मी फाळक्यापाशी उभा होतो. मागून बायको म्हणाली, "ते गाडीत ठेवतोयस, की गाडीवरून ओवाळून टाकतोयस?"